अटीभंगाचा रकाना

ऑफिसात तिला सगळे आकडेबाई म्हणायचे, आणि तिलाही आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं. अठरा वर्षांखालच्या मुलांचे गुन्हे मोजायचे, हे तिचं काम. गावोगावच्या पोलीस ठाण्यांतून, न्यायालयांतून आकडे यायचे: किती चोऱ्या, किती मारामाऱ्या, किती मुलं पहिल्यांदाच सापडली, किती सुटल्यावर पुन्हा सापडली. ते लावायचे, जुळवायचे, वर्षाअखेरी अहवाल करायचा. हेच करता करता केस पिकले होते.

गेली कित्येक वर्षं मुलांच्या गुन्ह्यांची रेघ खाली येत होती. मुलींचं प्रमाण तेवढं थोडं वाढलं होतं, पण एकूणात उतारच. आणि कोणाचा म्हणून विश्वास बसत नव्हता. अहवाल निघाला की वर्तमानपत्रवाले फोन करायचे, तिचं ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "ते ठीक आहे हो, पण परवाच्या त्या सुऱ्याच्या व्हिडिओबद्दल काय?" पालथ्या घड्यावर पाणी. पूर्वी ती वाद घालायची. आता "अहवालात बघा" म्हणून फोन ठेवून द्यायची.

त्या दुपारीही असाच एक फोन ठेवला, तोच दुसरा वाजला. वहिनी होती.

"आधी घाबरू नका," वहिनी म्हणाली, आणि हिनं हातातलं पेन खाली ठेवलं. "यांना पाडलं रस्त्यात. पिशवी ओढून नेली. मनगट गेलंय. आम्ही दवाखान्यात आहोत."

तिचा दादा शिंपी होता. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं अरुंद दुकान, आत एक मशीन, एक कापायचं टेबल आणि एक इस्त्री. नवीन कपडे शिवणारी गिऱ्हाइकं केव्हाच तयार कपड्यांच्या दुकानांकडे गेली होती. त्याच्याकडे यायचं ते आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं. पण कात्री धरायचा उजवा हात तोच, आणि आता तोच प्लास्टरमध्ये होता.

तिला दारात बघून दादा म्हणाला, "या, आकडेबाई. तुझे आकडे खाली आलेत म्हणे. माझ्यासकट आलेत बघ."

ती हसली नाही. त्यालाही हसू आलं नव्हतंच.

"कोण होते?"

"होते कुठे? होती. एक पोरगी. तुझ्या भाचीपेक्षाही लहान असेल. पट्टा ओढला, मी सोडला नाही, म्हातारपणी कुठली अक्कल सुचते? गेलो फरफटत."

रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात पोरगी दिसली होती. आठवड्याच्या आत पोलिसांनी तिला शोधून काढलं. पहिलाच गुन्हा, वय सोळा. अशा वेळी खटल्याच्या आधी एक वाट असायची: ज्याचं नुकसान झालं तो आणि ज्यानं केलं तो, दोघांना समोरासमोर बसवायचं आणि भरपाई काय ते ठरवायचं. ठरलं तसं झालं, तर प्रकरण तिथेच संपायचं. किती टक्के प्रकरणं अशी मिटतात, हे आकडेबाईला झोपेतही सांगता आलं असतं. तशी एक बैठक मात्र तिनं उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

"मी जातो," दादा म्हणाला. "चांगली खडसावतो तिला. तू चल सोबत. मला फॉर्मबिर्म कळत नाहीत."

बैठकीची खोली म्हणजे एका सरकारी इमारतीतली मागची बाजू होती. भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याची टाकी, तिच्यावर साखळीनं बांधलेला पेला. मध्यस्थ बाई तरुण होत्या, पण सकाळपासूनची ही त्यांची चौथी बैठक असावी. बोलताना मध्येच जांभई गिळत होत्या. पोरगी हाडकुळी, नखं कुरतडलेली. शेजारी तिची मावशी, सफाई कंपनीच्या निळ्या गणवेशात, रात्रपाळी करून थेट आलेली. तिचे डोळे मिटत होते आणि दर वेळी ती दचकून ते उघडत होती.

"माझ्या हातून चूक झाली. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मी मनापासून माफी मागते," पोरगी एका दमात म्हणाली.

दादानं विचारलं, "हे कोणी शिकवलं?"

पोरीनं मध्यस्थ बाईंकडे बोट केलं. "ह्यांनी."

दादाला हसू फुटलं, आणि खडसावायचं म्हणून घरून जे जे आणलं होतं ते त्या हसण्यात सांडून गेलं. मग तो नुसताच थकलेला दिसायला लागला.

"का ओढलीस गं पिशवी?"

"पट्टा दिसला. ओढला."

"आत काय होतं माहीत होतं?"

"नाही. एक पँट निघाली. टाकून दिली."

"कुठे?"

"नाल्यात."

दादानं प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. "ज्याची ती पँट, त्याचा बाप वारला होता. तेवढी एकच काळी पँट होती त्याच्याकडे, कंबर सैल करायला टाकली होती. दुसऱ्या दिवशी नेणार होता. मी दवाखान्यात. बापाला पोचवायला तो कामाच्या पँटवर गेला, रंगाचे डाग असलेल्या. मला शिव्या देऊन जायला हवा होता. उलट म्हणाला, असू द्या मास्तर, तुमचा हात बघा."

पोरगी नखं कुरतडायची थांबली. वर मात्र तिनं पाहिलं नाही.

मध्यस्थ बाईंनी विचारलं, भरपाई म्हणून काय हवं? दादा म्हणाला, पैसे कुठून देणार ही? शनिवारी दुपारी दुकानात येऊ दे. उसवायला दोन हात लागतात आणि माझ्याकडे सध्या एकच आहे. दोन महिने ठरले. सगळ्यांनी सह्या केल्या. दादानं डाव्या हातानं केली, ती कोंबडीच्या पायासारखी उमटली.

पोरगी आली. पहिल्या शनिवारी तिनं एका कोटाचं अस्तर उसवता उसवता फाडलं. दुसऱ्या शनिवारी नाही फाडलं. आकडेबाई दुपारचा डबा घेऊन जायची तेव्हा ती खाली मान घालून ब्लेडनं टीप सोडवत बसलेली असायची.

एकदा तिनं विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"मुलांचे गुन्हे मोजते."

"म्हणजे मला पण?"

"तुलापण."

"मोजून काय करता?"

आकडेबाईनं उत्तर शोधलं. साहेबांना देते, साहेब वरच्या साहेबांना देतात, तिथून ते छापून येतात. तिनं तेच सांगितलं. पोरगी "बरं" म्हणाली आणि पुन्हा टीप सोडवायला लागली.

मग एका शनिवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. त्या सोमवारी दादाचा फोन आला. "अगं, मध्यस्थ बाई विचारत होत्या, पोरगी येते का म्हणून. मी सांगून टाकलं, दोन खेपा झाल्या, नाही आली."

"दादा, काय केलंस हे!"

"खोटं बोलू?"

खोटं बोल असं ती तरी कसं म्हणणार? पण पुढचं तिला पाठ होतं. दोन गैरहजेऱ्या म्हणजे अटीभंग. अटीभंग म्हणजे प्रकरण पुन्हा न्यायालयात. आणि तिच्या तक्त्यात अटीभंगाला स्वतःचा रकाना नव्हता. तो "पुन्हा गुन्हा" मध्ये मिळवला जायचा. एखाद्यानं सुटल्यावर दुकान फोडलं काय, नि एखादी दोन शनिवार आली नाही काय, बेरजेत दोघं एकच. हे वेगळं करा म्हणून तिनं पूर्वीही सांगून पाहिलं होतं. त्या दिवशी पुन्हा साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुमचं बरोबर आहे," साहेब म्हणाले. ते वाईट नव्हते, फक्त निवृत्तीला टेकले होते. "पण रकाना फोडला की मागच्या वर्षांशी तुलना तुटते. वरून विचारतील, हा खड्डा कसला? पुढच्या वर्षी बघू."

संध्याकाळी ती दादाकडे गेली आणि अटीभंगाचं सगळं नीट समजावून सांगितलं. दादानं ऐकून घेतलं. पायात चपला सरकवल्या.

"चल. बघून येऊ कुठे उलथलीय ती."

सह्यांच्या कागदावर पत्ता होता. मावशीचं घर एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. लिफ्ट बंद. दादा कठड्याला डावा हात लावत, दर वळणावर दम खात चढला. दार पोरीनंच उघडलं. कडेवर मावशीचं शेंबडं तान्हं, पोरीच्या केसांची बट मुठीत धरलेलं. खोलीत ओल्या कपड्यांचा वास, जमिनीवर वाटी उलटलेली.

"मावशीची पाळी बदलली," ती म्हणाली. "आता शनिवारीपण दिवसाची असते. याला कोण बघणार?"

"तोंड नव्हतं का सांगायला?" दादा ओरडला. बाळ भोकाड पसरून रडायला लागलं.

"कोणाला सांगायचं?" पोरगीही ओरडली. "त्या बाईंचा फोन लागत नाही. तुमचा नंबर माझ्याकडे नाही. आणि सांगून काय, तुम्ही म्हणणार, बहाणे करते."

दादा तेच म्हणणार होता.

आकडेबाईनं बाळाला घेतलं. कित्येक वर्षांत तिनं एवढं लहान मूल धरलं नव्हतं. ते तिच्या खांद्यावर ओकलं. पोरीनं न बोलता ओलं फडकं आणून दिलं. दादा खाली बसून उलटलेली वाटी उचलत म्हणाला, "याला घेऊन ये दुकानात. कापडाच्या गठ्ठ्यावर झोपेल. आमची मुलं तिथेच वाढली."

दुसऱ्या दिवशी तिनं मध्यस्थ बाईंना गाठून हे सांगितलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या. गैरहजेरीचा अहवाल आदल्या संध्याकाळीच न्यायालयाला पाठवून झाला होता. "एकेकीकडे किती प्रकरणं आहेत आमच्या, सांगू तुम्हाला?" त्या म्हणाल्या. सांगायची गरज नव्हती. तो आकडाही आकडेबाईनंच काढला होता.

न्यायालयात दादा उभा राहिला. न्यायाधीश बाईंनी त्याला बोलू दिलं, आणि तो फार नाही बोलला. पोरीनं काम नीट केलं, न येण्यामागे बाळ होतं, मला तक्रार नाही, एवढंच. त्यांनी कागद खालीवर केले. सुधारगृहात पाठवण्याचा प्रश्न नाही, म्हणाल्या; उरलेले शनिवार पुरे करावेत, बाळासकट चालेल. पण गैरहजेरी झाली ती झाली, अटीभंगाची नोंद राहील. सगळं मिळून चहा थंड व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

बाहेरच्या बाकावर मावशी भिंतीला डोकं टेकून झोपली होती. तिला उठवावं लागलं. "काय झालं?" तिनं विचारलं. "घरी चल," पोरगी म्हणाली.

उरलेल्यापैकी बरेच शनिवार ती आली. बाळ गठ्ठ्यावर झोपायचं, कधी चिंध्या तोंडात घालायचं. शेवटच्या एक-दोन वेळी पुन्हा नाही आली, तेव्हा दादानं कोणाला कळवलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. नंतर कळलं, मावशीला शहराच्या दुसऱ्या टोकाला काम मिळालं आणि त्यांनी खोली सोडली. जाताना पोरगी दुकानात येऊन गेली का? नाही. वहिनीला त्याचं वाईट वाटलं. दादा म्हणाला, "कशाला यायला हवं? हिशेब मिटला."

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट किंचित वाकडं बसलेलं होतं. जाड कापड आता दादाला कापवत नाही. कोट, रजया तो पुढच्या दुकानाकडे पाठवतो.

वर्ष संपलं. अहवालाचे आकडे आले. गुन्हे पुन्हा थोडे खाली, पुन्हा गुन्हा करणारे थोडे वर. आकडेबाईनं तक्ता लावला, बेरीज तपासली. मग नवा कागद घेऊन रकाना फोडण्याची विनंती पुन्हा एकदा, पहिल्यापासून, लिहायला घेतली. साहेब तिच्या टेबलाजवळून जाताना थबकले, वाकून वाचलं, आणि म्हणाले, "तुम्ही काही दमत नाही हं, बाई."

"दमते की," ती म्हणाली, आणि पुढची ओळ लिहायला लागली.