चार्जरची वाकलेली पाती

मिनल पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये पडद्यांचे रॉड आणि शेल्फ बसवून द्यायची. त्या दिवशी अकराचं काम होतं आणि साडेआठला तिच्या ड्रिलच्या चार्जरवर लाल दिवा नुसता उघडझाप करत होता. दोन्ही बॅटऱ्या संपलेल्या.

"गेला," तिचा नवरा बुद्धरत्न मोबाईलमधून मान न काढता म्हणाला. "नवा मागवतो. परवा येईल."

"परवा!" सासरे भीमराज खुर्चीतून उठले. पिंपरीच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये त्यांची चौतीस वर्षं गेली होती. "इंजिनिअर म्हणे! बंद पडलं की फेकायचं, एवढंच शिकलास. आण इकडं."

त्यांनी चार्जर उलटासुलटा केला. "हे काय यंत्र आहे? साबणाची डबी नुसती!" मग ते पेचकस घेऊन बसले. पण स्क्रूचं डोकं चांदणीच्या आकाराचं, त्यांचा एकही पेचकस त्यात बसेना.

"पप्पा, उघडायच्या आधी बाहेरून बघू या," मिनल म्हणाली.

"तू बघणार? ड्रिलचं बटण दाबता आलं म्हणजे कोणी फिटर होत नाही."

चार्जर उचलून मिनलने स्वयंपाकघरातल्या प्लगला लावला. रिकामा असताना हिरवा दिवा. एक बॅटरी बसवली, लाल. ती काढून दुसरी बसवली, तरी लाल.

"दोन्ही बॅटऱ्या एकदम कशा जातील? दोष चार्जरमध्येच आहे."

"मी तेच तर म्हणालो," बुद्धरत्न म्हणाला.

"तू नुसता 'गेला' म्हणालास. जागचा हललास तरी का?"

तिने प्लग काढला आणि मोबाईलच्या टॉर्चने खाचेत पाहिलं. पितळी पात्यांमध्ये भिंतीची पांढरी भुकटी बसली होती. कोरड्या ब्रशने ती झाडल्यावर दिसलं, एक पाती चक्क आडवी झालेली.

"कुणीतरी बॅटरी वाकडी कोंबलीय," ती म्हणाली.

रविवारी घड्याळ लावायला भीमराजांनीच ड्रिल घेतलं होतं, आणि नंतर बॅटरी चार्जिंगलाही त्यांनीच लावली होती.

"खाचच चुकीची दिलीय," ते शेवटी म्हणाले. "आमच्या टूलरूममध्ये असलं डिझाइन कुणी पासच केलं नसतं."

बुद्धरत्न फिस्सकन हसला. मिनलने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा मोबाईलमध्ये शिरला.

बारीक पकडीने तिने पाती हळूहळू सरळ केली. प्लग लावून बॅटरी बसवली. या वेळी हिरवा दिवा उघडझाप करू लागला, चार्जिंग सुरू झालं. तेवढ्यात गिऱ्हाईक बाईंचा फोन आला.

"मिस्त्री कधी पाठवताय?"

"मिस्त्रीच बोलतेय. साडेअकराला येते."

संध्याकाळी ती परतली तेव्हा शेजारचे साहेबराव चहा पीत बसले होते आणि भीमराज त्यांना सांगत होते, "पाती अशी हलक्या हातानं सरळ करायची. जोर केला की तुटलीच. आम्ही केली ना सकाळी."

"मग आमच्या बॅटरीवाल्या ग्राइंडरचा चार्जरही बघा की," साहेबराव खूश होऊन म्हणाले. "उद्या सकाळी आणतो."

भीमराज गडबडले. दारात चपला काढणाऱ्या सुनेकडे त्यांनी पाहिलं. "मिनल, उद्या सकाळी आहेस ना गं घरी?"

"नाही, मला सांगवीला जायचंय," ती म्हणाली. "तुम्ही आहात की, पप्पा."

आणि हात धुवायला आत गेली.