पाय हलवू नये

बिल्डरच्या वेबसाइटच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. कुमुद आणि यशवंत टिपणिसांनी त्यातच आपल्या चपला काढल्या आणि दोघं आत गेले. बिल्डरने नमुन्याचं घर तिथेच लावून ठेवलं होतं. निवृत्तीनंतर राहायचं घर, ते न बघता कोण घेतं?

आत टेबलामागे एक बाई बसली होती. तिच्या पाठीमागे शेगड्यांची रांग, आणि त्यांवर लहान लहान कुकर, माणशी एक. तिने दोघांना नीट न्याहाळलं. उंची किती, भाषा कोणती, कुठल्या गल्लीतून आलात, हातातला फोन कुठला. यशवंतराव नाव सांगू लागले तशी तिने कानांवर हात ठेवले.

"नाव नको. पूर्वी आम्ही येणाऱ्याच्या खिशात एक कुकी ठेवायचो. तो परत आला की खिसा चाचपला, पटली ओळख. आता लोकांना खिशात हात घातलेला खपत नाही. म्हणून नुसतं बघून ओळखतो, आणि रात्री सगळं धुऊन टाकतो."

"चांगलं आहे की," यशवंतराव म्हणाले. त्यांना सगळंच चांगलं वाटे.

"फक्त हलत राहा. माणूस हलला की मी त्याच्या कुकरची वाफ सोडते. हललाच नाही आणि तीन शिट्ट्या झाल्या, तर तो गेला असं आम्ही धरतो."

"धरता म्हणजे?" कुमुदने विचारलं.

"म्हणजे जातो."

हॉल मोठा होता, आणि चालावं तसा आणखी लांबत होता. मधे एक मऊ सोफा होता. यशवंतराव त्यावर टेकले. या माणसाला टेकायला दगड मिळाला तरी डुलकी लागायची. कुमुदही शेजारी बसली आणि सवयीने पाय हलवू लागली. त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अगं, बसून पाय हलवू नये. लक्ष्मी जाते."

"आली होती कधी, जायला?"

लग्नापासून हेच वाक्य आणि हेच उत्तर. ते देऊन ती स्वयंपाकघर बघायला गेली.

ओटा काही केल्या संपेना. ती त्याच्या कडेकडेने चालत राहिली. शिट्ट्या तिने ऐकल्या, पण स्वयंपाकघरात शिट्टी ऐकून कोण दचकतं? परत आली तेव्हा यशवंतराव उभे राहून भिंतीवर टिचक्या मारत होते.

"अहो, ओटा बघा येऊन."

ते अदबीने बाजूला सरले. "ताई, तुम्हीपण घर बघायला आलात का?"

कुमुदने त्यांची बाही धरली. "ताई काय? मी कुमुद!"

"नमस्कार," यशवंतराव म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच हात जोडले.

ती धावत टेबलाकडे गेली. बाईने एक कुकर विसळून पुन्हा शेगडीवर चढवला होता.

"ते गेले," ती म्हणाली. "हे आत्ता आले."

"तेच आहेत हो! डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग आहे, बघा."

"डाग सांगू नका. तसल्या खुणा आम्हाला बघायच्या नसतात."

"मग मी काय करू?"

"तुम्हीही बसा. नव्याने या. दोघंही नवे, बिघडलं कुठे?"

कुमुद चालू लागली. बिघडणार होतं ते एवढंच की यशवंत टिपणीस आता फक्त तिच्या डोक्यात उरले होते. त्यांची एक मुलगी बारशाआधीच गेली होती. यशवंतरावांनी तिचं नाव मनात ठरवून ठेवलं होतं, ते त्यांनी एकदाच कुमुदला सांगितलं होतं. कुमुद बसली असती तर ते नाव कुणालाच ठाऊक राहिलं नसतं. म्हणून ती ते पुटपुटत चालत राहिली. हॉल लांबत गेला. पावलं सुजली, मग गुडघे वळेनात. शेवटी ती सोफ्यावर कोसळली आणि नुसता उजवा पाय हलवत राहिली. दाराकडून वाफ सोडल्याचा आवाज आला. चाललं म्हणायचं.

यशवंतराव खोल्या मोजत आले. "बसू का, ताई?" त्यांनी विचारलं. मधे हातभर जागा सोडून ते बसले आणि बसल्या बसल्या त्यांचे डोळे मिटले. कुमुद पाय हलवत त्यांच्याकडे बघत होती. तिला रडू येत होतं.

थोड्या वेळाने झोपेतच त्यांचा हात सरकत आला आणि तिच्या गुडघ्यावर नेमक्या त्याच जागी टेकला.

"अगं," ते म्हणाले, "बसून पाय हलवू नये."

पाय थांबला. हात उबदार होता, आणि पाय हलवला तर तो उचलला गेला असता.

दाराकडून तिच्या कुकरची पहिली शिट्टी ऐकू आली. तिने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला, आणि दुसरी होईपर्यंत ती अजिबात हलली नाही.