पाय लागल्यावर

हर्षाची लाथ आईच्या बरगडीवर नेमकी बसली. आणि दुसऱ्याच क्षणी, अंगावर येणाऱ्या माणसापुढे कोणी करू नये ते हर्षाने केलं. लढायचे हात खाली सोडले, वाकली, आईच्या कुशीला बोटं लावली आणि ती कपाळाला नेली. झालं! समाजभवनात भिंतीला टेकून बसलेली सगळी पोट्टी खुदकन हसली.

"यामे!"

थांबा, असं सांगून महादेवरावांनी तिच्या खाली सोडलेल्या हातांकडे पाहिलं. ब्लॅक बेल्टची परीक्षा घ्यायला ते खास अमरावतीहून आले होते. साठीचा, किरकोळ अंगाचा माणूस, पण खुर्चीत असा ताठ बसला होता की बाकीच्यांना आपोआप पाठीचा कणा आठवावा.

"बाळ, हे काय होतं?"

"सर, पाय लागला."

"लागला? अगं, तूच मारलास ना?"

"हो सर."

"मग नमस्कार कसला? समोरचा तेवढ्यात तुला आडवी करेल." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "आणखी एकदा असं झालं तर परीक्षा तिथेच संपली. जा, पाणी प्या दोघी."

हर्षाला हा बेल्ट मिरवायला नको होता. हिंगणा रोडवरच्या एका शाळेत मुलींना कराटे शिकवायची जागा होती. मुख्याध्यापिका बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं की बेल्ट घेऊन या आणि जूनपासून सुरू करा. गेल्या वर्षी त्या तिच्यासाठी थांबल्या होत्या. यंदा थांबणार नव्हत्या, आणि त्यांचं तरी काय चुकलं?

गेल्या वर्षी हर्षा नापास झाली ती याच पायी. बरोबरीच्या आणि लहान पोरांना ती अशी लाथ हाणायची की पोरं भिंतीपर्यंत मागे सरायची. पण समोर वयाने मोठं माणूस आलं आणि त्याला पाय लागला, की हात गेलाच खाली. क्लासमध्ये तिला 'नमस्ते मॅडम' म्हणत. प्रशिक सर, म्हणजे तिचे शिक्षक, समजावून थकले, ओरडून थकले, शेवटी तेही हसायला लागले.

ही सवय लावली कोणी? तिच्या आईने, भावनानेच की. पोरगी रांगत होती तेव्हापासून. पुस्तकाला पाय लागला, नमस्कार कर. ताटाला लागला, कर. माणसाला लागला तर विचारायलाच नको. विसरली की डोक्यावर एक हलकीशी टपली. सवय चांगली होती. भावनाला ती आजही चांगलीच वाटत होती, आणि सगळा घोळ तिथेच होता.

भावना स्वतः या पांढऱ्या कपड्यांत कशी आली, तीही एक गंमतच. वाडीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंगचं काम करून ती संध्याकाळी पोरीला घेऊन प्रताप नगरच्या या क्लासला यायची आणि क्लास सुटेपर्यंत प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहायची. "ताई, बसून तरी काय करता? उभ्या राहा पोरींसंग," असं प्रशिक सर एकदा म्हणाले. ती उभी राहिली आणि राहिलीच. पोरीच्या मागोमाग एकेक पट्टा बदलत ब्राऊनपर्यंत पोचली. कोणी विचारलं तर म्हणायची, "मी आपली पोरीसाठी जाते. मले काय करायचं बेल्टचं!" ऐकणाऱ्यांना ते पटायचं. बोलून बोलून तिलाही पटलं होतं.

या क्लासची रीत अशी, की परीक्षेला बसणाऱ्यासमोर क्लासमधलाच कोणी ब्लॅक बेल्ट उभा राहायचा. बायकांमध्ये ब्लॅक बेल्ट एकटी दिपाली, हर्षाहून वयाने मोठी. तीच गेल्या वर्षी हर्षासमोर होती. यंदा ती बाळंतपणाला माहेरी गेली होती. मायलेकींचं वजन जवळपास सारखं, दोघींची परीक्षाही एकाच दिवशी, म्हणून प्रशिक सरांनी आदल्या दिवशी भीतभीतच विचारलं, आणि भावना हो म्हणून बसली.

कूलरसमोर उभं राहून हर्षाने पाण्याची बाटली अर्धी केली. मे महिना म्हणून परीक्षा सकाळीच ठेवली होती, तरी तिच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"आई, तू काहून हो म्हटलं सरले?"

"मंग कोन उभं राहिलं असतं? अमोल?"

क्लासमधला ब्लॅक बेल्ट अमोल तिकडे भिंतीला टेकून केळं खात होता. त्याच्या एका दंडात हर्षाचे दोन बसले असते. हर्षाला हसू आलं नाही.

"मी ठरवते ना, आई. पाय लागला का हात वरच ठेवायचे. रात्रभर थेच घोकलं. पन होऊनच जाते."

"आता नको करू."

"तू समोर आहे ना पन!"

भावनाने तिच्या ग्लोव्हचा पट्टा सोडून पुन्हा घट्ट बांधला. तो आधीच घट्ट होता. तिला आतून रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. लाथ लागूच दिली नाही, तर पोरीला मारता येत नाही म्हणून नापास. लागू दिली, तर नमस्कार करते म्हणून नापास. आणि मग तिच्या एकदम लक्षात आलं की आजवर पोरीला सगळे हसले, सगळ्यांनी समजावलं, पण हात खाली असताना तिला कोणी मारलं नव्हतं. दिपालीनेही नाही. गेल्या वर्षी तीही हसून मागे सरली होती. एवढ्या लाडक्या पोरीला कोण मारणार?

"हाजीमे!"

लढत पुन्हा सुरू झाली. हर्षा या वेळी सांभाळून खेळली. दोन ठोसे चांगले मारले, आईचा एक अडवला. भावना तिला जवळ येऊ देत होती. थोडी आणखी. ये. आणि लाथ आली, मांडीवर, सणसणीत. भावनाने हर्षाच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, हाताकडे पाहिलं. तो निघाला होता. खाली, बोटं पुढे करून, रांगत्या वयात शिकवला होता तसाच.

भावनाने मारलं. पोटात, छातीच्या गार्डच्या खाली, सगळं अंग घालून, नमस्कार पुरा व्हायच्या आत.

हर्षाचा श्वास अडकला. ती एका गुडघ्यावर आली, आणि मान वर करून तिने आईकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा दिसलेल्या बाईकडे बघावं तसं. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. प्रशिक सर अर्धवट उठले होते. महादेवरावांनी हात वर करून त्यांना बसवलं.

"उठ," भावना म्हणाली. 'लागलं काय वं?' हे तिच्या अगदी ओठांवर होतं. ते तिने गिळलं. तसं गिळणं तिला बाळंतपणाच्या कळांतही जमलं नव्हतं.

हर्षा उठली. आणि मग ती जी सुटली, बापा रे! एक लाथ कमरेवर, एक खांद्यावर, मग ठोसा, पुन्हा लाथ. हात वरच. डोळ्यांत पाणी होतं, संताप होता, पण हात एकदाही खाली आले नाहीत. भावना मागे सरत होती, अडवत होती, अडवलं नाही ते खात होती. लागत होतं. चांगलंच लागत होतं. मार खाऊन कोणाला एवढा आनंद झाला असेल असं वाटत नाही. शेवटी 'यामे' ऐकू आलं तेव्हा तिची पाठ भिंतीला लागली होती.

निकाल सांगायला महादेवराव उभे राहिले. हर्षा पास. पोट्ट्यांनी आरडाओरडा केला, अमोलने शिट्टी मारली. मग महादेवराव भावनाकडे वळले.

"ताई, तुम्ही एकटीने करून दाखवलेला काता उत्तम होता. ठोसाही उत्तम. असा ठोसा मी या परीक्षेत फार पाहिलेला नाही." "पण तो एकच मारलात. त्यानंतर तुम्हाला जागा मिळत होती, चार-पाच वेळा मिळाली, तुम्ही हात उचलला नाही. माझ्यासमोर दोघी परीक्षेला होत्या. तुम्ही मध्येच परीक्षा सोडून दिलीत. मला पास करता येणार नाही."

"बरोबर आहे, सर," भावना म्हणाली, आणि वाकून नमस्कार करून जागेवर आली. पोरीचं काम झालं होतं. आपल्याला काय करायचं होतं बेल्टचं? मग छातीत हे एवढं कशाचं टोचतंय, हे तिला कळेना.

बाहेर ऊन तापायला लागलं होतं. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर दोघी तर्री-पोहे घेऊन उभ्या राहिल्या. हर्षाच्या कमरेला नवा काळा पट्टा होता, अजून कडक, गाठीतून दोन्ही टोकं उभीच राहत होती. ती आईकडे न बघता पोहे चिवडत होती.

"लय जोरात मारलं तू."

"हो."

"मुद्दाम?"

"मंग? चुकून लागते काय असं?"

हर्षाने मान खाली घातली. डोळे पुसले आणि तर्री झोंबल्याचं दाखवलं. भावनाने दाखवू दिलं.

"मारायले जागा होती तुले," हर्षा म्हणाली. "माह्या डाव्या बाजूले. मले समजून राहिलं होतं. तू काहून नाई मारलं?"

भावनाने पोह्यांवर लिंबू पिळलं, नीट शेवटचा थेंब येईपर्यंत.

"पुढची परीक्षा कधी असते वं?"

"कोनाची?"

"माही."

हर्षा खायची थांबली. ठेल्यावर गर्दी होती, कोणी कांदा मागत होतं, कोणी आणखी तर्री. इतक्या वर्षांत आईने 'माही' म्हणून काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं.

"डिसेंबरमधी," ती म्हणाली. "पन आई, दिपाली ताई तेव्हाही नाई यायची. लहान बाळ राहीन तिचं. सर मलेच उभं करतीन तुह्यासमोर."

"करू दे."

"मी सोडनार नाई हं तुले. आताच सांगून ठेवते."

"नको सोडू," भावना म्हणाली. "मीबी नाई सोडनार."

आणि तिने ठेल्यावाल्याकडे आणखी एक प्लेट मागितली, स्वतःसाठी.