दोन खेपांची पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, माझ्यावर कुणा पोरानं अक्षर गिरवलेलं नाही. मी आहे वीतभर लाकडाचा तुकडा. शर्ट शिवायच्या कारखान्यात, दुसऱ्या लाईनीच्या टोकाला खिळ्यावर लटकते. बाईला लघवीला जायचं असलं की तिनं मला हातात घेऊन जायचं आणि परत आणून टांगायचं. एवढंच माझं काम. पण थकले हो मी.

आधी मी इस्त्रीच्या टेबलाचा पाय होते. टेबल मोडलं तेव्हा सुतारानं मला कापलं, भोक पाडलं, नाडी ओवली. सुपरवायझर साहेबांनी लाल रंगानं माझ्यावर 'पास' असं लिहिलं. मला वाटलं, चला, जन्मभर उभं राहायचं सुटलं.

लाईनीत बायका बत्तीस आणि पास मी एकटी. प्रत्येकीला सकाळी एक खेप, दुपारी एक खेप, पाच मिनिटांत परत. संडास पार पॅकिंगच्या पलीकडे, जिना उतरून. जाण्यायेण्यातच चार मिनिटं जातात. उरलेल्या एका मिनिटात बाईनं काय ते उरकायचं.

इथं नावानं कुणी हाक मारत नाही. जी जे शिवते तेच तिचं नाव. कॉलरवाल्या मावशी, काजवाली, बाहीवाली. साहेब सारखे मनगटाकडे बघतात म्हणून त्यांना मागून घड्याळ म्हणतात. माणूस वाईट नाही. त्यांनाही वरून फोन येतो, "किती शर्ट झाले?" बिचारे डबासुद्धा उभ्यानं खातात.

मला चेहऱ्यापेक्षा हात जास्त कळतात. एक दिवस बाहीवालीनं मला उचललं आणि मी चरकलेच. हात तव्यासारखा तापलेला. तिचं बाळ आठ महिन्यांचं, सासूजवळ ठेवून येते. जिन्यात भिंतीला टेकून ती "आई गं" म्हणाली. संडासातून आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

दोन दिवस आली नाही. आली ती औषधाची पुडी घेऊन. जेवणाच्या सुट्टीत मावशींना सांगत होती, "डॉक्टर म्हणाले, लघवी धरून धरून आत सूज आलीय. पाणी प्यायचं, अजिबात धरायचं नाही. परत ताप आला तर भरती व्हावं लागेल. मावशी, बाळ अजून अंगावर पितं. मी तिथं पडले तर त्याचं काय? आणि या गोळ्यांचं दुधात काही उतरत नसेल ना?"

"तू विचारलंस ना त्यांना?"

"विचारलं. नाही म्हणाले."

"मग झालं तर. डॉक्टरपेक्षा तू शहाणी का?" मावशी म्हणाल्या. मग डबा झाकत म्हणाल्या, "माझ्या खेपा तू घे. माझं काय, म्हातारं हाड. मला लागत नाही."

त्या दिवसापासून मावशी मला खिळ्यावरून काढायच्या आणि बाहीवालीच्या मशीनपाशी आल्या की तिच्या मांडीवर ठेवायच्या. स्वतः तिथंच वाकून धाग्याची रिळं शोधत बसायच्या. साहेबांना लांबून खिळा आणि मावशींची जागा रिकामी दिसायची, पाच मिनिटांत दोन्ही भरलेली दिसायची. मला पहिल्यांदाच बरं वाटलं. म्हटलं, कुणाच्या तरी कामी आलो आपण.

पण लागत नाही कसं? लागू नये म्हणून मावशी पाणीच पीत नव्हत्या. त्यांचे ओठ सुकले, पाय सुजले. चौथ्या दिवशी दुपारी त्यांना घेरी आली. मशीन चालूच होतं. सुई बोटातून आरपार गेली.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं बोट बांधलं म्हणे. विचारलं, "सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

"प्याले की. चहा."

सिस्टर तडक लाईनीत आल्या. मशीनपाशी ठेवलेल्या बाटल्या एकेक उचलून बघितल्या. सगळ्या काठोकाठ.

"अहो, घरून भरून आणता आणि भरलेलीच परत नेता?"

काजवाली म्हणाली, "पाण्याला जरा फिरवून आणतो सिस्टर. तेवढीच हवापालट."

सगळ्या हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. माझ्याकडे बोट करून साहेबांना म्हणाल्या, "ही आधी उतरवा."

"मी उतरवली तर दहाजणी एकदम उठतील. वर उत्तर कोण देणार?"

"उठू देत. आजारी पडल्यावर मग कोण शिवणार तुमचे शर्ट?"

सिस्टरनं वरच्या ऑफिसात तसं लिहून दिलं. आठवड्यानं उत्तर आलं. मोठा रंगीत कागद, त्यावर पाण्याचा ग्लास आणि खाली लिहिलेलं, 'भरपूर पाणी प्या, निरोगी राहा.' तो माझ्याच खिळ्याशेजारी चिकटवला. मी होते तिथंच.

मावशी बोट घेऊन घरी बसल्या होत्या. बाहीवाली परत दोन खेपांवर आली. काजवाली म्हणाली, "माझी घे ना." ती म्हणाली, "नको गं. एकीच्या बोटात सुई गेली माझ्यापायी, तेवढं पुरे."

काल सकाळी बाहीवालीची खेप होऊन गेली होती. अकराच्या सुमारास तिनं बाटली उचलली, अर्धी रिकामी केली. थोड्या वेळानं बाही सुईखालून काढली, मशीन बंद केलं आणि उठली. माझ्यासमोरून गेली. हात लावला नाही.

"ओ बाई, पास?" साहेब ओरडले.

ती थांबली. "पास तिथंच आहे साहेब. मी जाऊन येते."

आणि गेली.

साहेब तरातरा आले, मला खिळ्यावरून काढलं. तिच्या मागं जावं की नाही ते त्यांना कळेना. मला हातात धरून नुसते उभे राहिले. काजवाली मान वर न करता म्हणाली, "साहेब, पास तुमच्याकडं आहे. लागली असेल तर जाऊन या. लाजू नका."

लाईनभर हशा पिकला. साहेबांच्या हाताला घाम होता. त्यांनी मला टांगलं आणि पुढं गेले.

ती सात मिनिटांनी आली. तोंड धुतलेलं, पदरानं पुसत. बसली आणि पुढची बाही जोडायला घेतली.

आता वरून तिला नोटिशीचा कागद येतो की काय, कोण जाणे. ती दर वेळी दार वाजलं की बघते. मीही बघते. कालच दुपारी ती परत उठली तेव्हा तिच्या मागून काजवालीही उठली. माझ्याकडं दोघींनी पाहिलं नाही.

कुणी वाचत असाल तर एवढं करा. मला जपून ठेवू नका, नवी नाडीही घालू नका. जुना टेबलाचा पाय आहे मी, चांगली वाळलेली आहे. चुलीत घाला. भडकन पेटेन.