बोटीवरचे बूट

मित्रांनो, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात एका घरात खिळ्याला टांगलेली जुनी दुर्बीण म्हणजे मी. माझी एक काच तडकली आहे, दुसरीवर धूळ बसते. पण तुम्ही कीव करावी म्हणून मी बोलत नाही.

कारखान्यातून निघाले ती थेट नौदलाच्या गस्ती जहाजावर. तिथे महिपत नावाच्या इथल्याच कोळ्याने मला गळ्यात घातले. चाचे आणि चोरटा माल नेणाऱ्या बोटी शोधायच्या, हे आमचे काम. मी मोठ्या तोऱ्यात असे. रडारला नुसता ठिपका दिसतो, माणूस मला दिसतो!

एका सकाळी मासेमारीची एक बोट लांबून गेली. तिच्यावरच्या माणसाने हात हलवला. महिपतनेही हलवला. "आपलीच मानसं," तो म्हणाला. मी त्याच्या छातीवर लटकतच राहिले.

दुपारी तीच बोट पुन्हा दिसली. जाळी अजून कोरडीच होती. आता त्याने मला डोळ्यांना लावले आणि तो ओरडला, "साहेब, त्यांच्या पायात बूट हायेत!"

साहेबांना कळेना.

"आमी बोटीची पूजा करतो, साहेब. तिच्यावर चप्पलसुद्धा घालीत नाय. ही मानसं कोळी नाहीत."

जवानांनी बोटीला वेढा घातला. चाच्यांनी बंदुका टाकल्या. मासे ठेवायच्या खणात पोपट नावाचा खलाशी हातपाय बांधलेला, पण जिवंत सापडला. शेजारी त्याचे वडील होते. त्यांचा श्वास तासाभरापूर्वीच थांबला होता.

महिपतला पदक मिळाले. ते त्याने कपाटातून कधी काढले नाही. मी निकामी ठरल्यावर सोबत्यांनी महिपतच्या निवृत्तीच्या दिवशी मला त्याच्या हाती दिले. घरी येऊन त्याने मला खिळ्याला अडकवले, ती मी वर्षानुवर्षे तशीच राहिले. मला फार वाईट वाटे.

पोपट दर नारळी पौर्णिमेला येतो आणि म्हणतो, "काका, तुमी बघितलंत म्हनून मी हाय."

यंदा महिपतच्या तोंडून निघून गेले, "सकाळीच बघितलं असतं, तर तुझा बा पन असता रे."

पोपटने मला खाली काढले, सदऱ्याच्या टोकाने माझी काच पुसली आणि मला महिपतच्या गळ्यात घातले. दोघे खाडीवर गेले. समोरच्या होडीतून कोणीतरी हात हलवला. महिपतने मला डोळ्यांना लावले, त्या माणसाचे अनवाणी पाय पाहिले आणि मगच हात वर केला.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण लांबून कोणी हात हलवला, तर तेवढ्यावर समाधान मानू नका. नीट बघा, आणि सकाळीच बघा.