डब्याकडचा सूर्य

आम्ही जैन, सूर्य मावळला की अन्नाला शिवत नाही. आमच्या ह्यांना हे जन्मापासून ठाऊक, तरी दुकानाचा माल पोचवून वेळेवर परततील तर शपथ! शेवटी मीच डबा घेऊन वाटेत भाट्याच्या किनाऱ्यावर त्यांना गाठलं. थेपल्यांच्या डब्याचं झाकण उघडते तोच सूर्य समुद्राला टेकला.

"अगं, उंचावरून अजून थोडा वेळ दिसेल!" म्हणत हे चपला हातात घेऊन मागच्या चढणीवर पळत सुटले. भला माणूस डबा माझ्याच मांडीवर विसरला.

तोवर खाली सूर्य बुडाला. वरून धापा टाकत हाक आली, "भारती, दिसतोय गं दिसतोय! डबा आण लवकर!"

मी झाकण गच्च लावलं आणि ओरडले, "तुमच्याकडे दिसत असेल! डब्याकडे मावळलाय!"