काचेवर न दिसलेलं

ओस्मारीनाच्या धाकट्या लेकाचा बाप्तिस्मा झाला ते साल एकोणीसशे एकोणनव्वद. ब्राझीलच्या जंगलातल्या पुरूस नदीचं पाणी पार उतरलं होतं. बाप्तिस्म्याला आलेली तिची बहीण झुलेइदे पिवळी पडून तिथेच टांगलेल्या झोपायच्या झोळीत आडवी झाली.

ओस्मारीना वस्तीची मलेरिया तपासनीस. बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर पसरायचा, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. जंतू थोडे दिसले तर एक फुली, जास्त असले तर दोन-तीन. वस्तीत कुणी तब्येत विचारत नसे, "किती फुल्या?" एवढंच विचारत. झुलेइदेची एक फुली निघाली. मलेरियात माणूस पिवळं पडतंच, म्हणून ओस्मारीनाने गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी ताप उतरला, काचही स्वच्छ निघाली.

पण झुलेइदेला चैन पडेना. झोळीतून उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा उठायची. कसावा कंदाचं पीठ माशाच्या रश्श्यात घालायचं सोडून तिने पिण्याच्या घागरीत ओतलं. डोळे अजून हळदीसारखे.

"दाजी, ही अशी का करतेय?" ओस्मारीनाने विचारलं.

"अहो ताई, काच स्वच्छ आहे ना? मग झालं तर!" झुलेइदेचा नवरा जेरोन्सियो जाळं विणता विणता म्हणाला. "तुमच्या बहिणीच्या पायाला भिंगरीच आहे. लग्नात पाद्रीबाबालासुद्धा म्हणाली होती, आटपा लवकर."

रोज सकाळी सातला काठावरच्या वस्त्या रेडिओवरून तालुक्याच्या दवाखान्याशी बोलत. एकाने बोलायचं आणि सगळ्या नदीने ऐकायचं. आपली काच स्वच्छ आणि बाई मात्र पिवळीच, हे सगळ्या नदीला कसं सांगायचं? ओस्मारीनाचं अकरा वर्षांचं नाव होतं. ती म्हणाली, "आमच्याकडे सगळं ठीक." दिवसभर तिचा हात कामाला लागला नाही.

दुसऱ्या दिवशी झुलेइदेला पोटच्या पोरीचं नाव आठवेना. ओस्मारीनाने रेडिओ गाठला आणि सगळं सांगितलं.

"होडी थांबवायला करतो तसे हात पुढे धरायला सांगा तिला," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पंजे फडफडतायत, बाई."

त्या म्हणाल्या, "मलेरिया होता, खोटं नाही. पण त्याच्या आड काविळीचा विषाणू बसलाय. यकृतात राखणदार पेशी असतात. जंतू दिसला की त्या रसायनं सोडतात, ती त्यांची हाक. हाकेवर रक्तातल्या लढाऊ पेशी धावून येतात. जंतू आटोपला की राखणदारच 'बस' म्हणतात. इथे विषाणू यकृताच्या पेशींत घुसलाय, म्हणून हाका थांबत नाहीत. आलेल्या पेशी मग घरच पाडत सुटतात."

"म्हणजे तिला आपलेच मारतायत?"

"बऱ्याच अंशी. आणि यकृत गळालं की रक्तातलं विष डोक्यात चढतं, पंजे त्यानेच फडफडतायत. तिला आजच्या आज आणा."

मध्येच खालच्या वस्तीचा व्यापारी ओलिंतो बोलला, "काय हो ओस्मारीनाबाई, एक फुली दिसली की तुमचं दुकान बंद होय?"

सगळी नदी ऐकत होती.

"हो," ती म्हणाली. "फुली दिसली आणि मी पुढे बघितलंच नाही. कालही तोंड मिटून बसले. आता तुमची मोटरबोट पाठवता का?"

ओलिंतोचा आवाज बदलला. "आलोच. बहिणीला धरून बसायला दोघं तरी घ्या."

वाळूचे पट्टे उघडे पडलेले, बोट सारखी वळसे घेत होती. झुलेइदे उठू पाहायची, बोटीच्या काठावर पाय टाकायची, "सोड गं मेले, मला उतरायचंय," म्हणून ओस्मारीनाच्या मनगटाला चावायची. दुपारी ती एकाएकी गप्प झाली.

"निवांत झाली बघा," जेरोन्सियो म्हणाला. त्याने पहिल्यांदाच तिचा हात सोडला.

ओस्मारीनाने बहिणीच्या दंडाला जोरात चिमटा काढला. झुलेइदे हलली नाही.

"जोरात हाणा हो बोट!" ती ओलिंतोवर ओरडली.

ते दिवेलागणीला दवाखान्यात पोचले. झुलेइदे दुसऱ्या दिवशी, तेवीस सप्टेंबरला, शनिवारी सकाळी वारली. ती सव्वीस वर्षांची होती.